पाण्याचा दिवस

पाचव्या दिवशी नळाला पाणी आलं
आणि नेमकं त्याच पहाटे
मौनिकाला घोटभरही द्यायचं नव्हतं.

सहानंतर काही नाही, डॉक्टर म्हणाले होते,
पाणीसुद्धा नाही.
अशोक चौकामागची आमची अख्खी बोळ भरत होती
पिंपं, घागरी, बादल्या, कुणी तर कुकरसुद्धा.
मोटारींची घरघर, पाइपावरून भांडणं,
आणि ही दारात उभी, काखेत बाहुली:
अम्मा, नीळ्ळू.

आमच्या घरात पाण्याला नीळ्ळू म्हणतात
आणि दातांना पळ्ळू.
बोलायला लागली तेव्हा गोंधळायची,
दात दाखव म्हटलं की माठाकडे बोट.
मी तिच्या ओठांवरून ओला पदर फिरवला.
तेवढंच.

चार वर्षांची पोर, नऊ दात किडलेले,
पुढचे चार तर नुसते चहाच्या रंगाचे कोंब.
कसे काय गं, विचारतात सगळे,
जाऊबाई, शेजारीण, परवा तर रिक्षावाला.
कसे ते मला माहीत आहे.
व्यंकटेश मागावर, रात्रपाळीला;
मी तीन-तीन वाजेपर्यंत टॉवेलच्या कडा शिवत, डझनावर पैसे.
ती रडली की बाटली,
बाटलीत दूध, दुधात दोन चमचे साखर,
मशीन थांबू नये म्हणून.

होटगी रोडच्या हॉस्पिटलात कागद पुढे आला:
भूल देण्यास माझी संमती आहे.
एक भूल देतात, एक होते.
खाली सही केली,
दोन्हींसाठी एकच.

आठवडाभर आम्ही खेळलो होतो.
स्टीलची वाटी बाहुलीच्या नाकावर,
मग माझ्या, मग तिच्या.
फुगा फुगवायचा, आणि टॉवेल मोजते तसं मोजायचं:
ओकटी, रेंडू, मूडू.
दुखणार नाही असं मात्र म्हटलं नाही.
लशीच्या वेळी म्हणून बसले होते,
ते ती अजून विसरलेली नाही.
म्हटलं, झोप लागेल. उठशील तेव्हा
तोंड जड असेल, रक्ताची चव येईल,
आणि मी तिथंच असेन.
नक्की?
नक्की.

आत एकालाच सोडतात. तू जा, व्यंकटेश म्हणाला.
आयुष्य खडखडाटात गेलेल्या माणसाला
तिथली शांतता सोसेना.
हिरवा गाऊन माझ्या पायात येत होता.
डॉक्टरबाईंनी मास्क धरला, वास स्ट्रॉबेरीचा,
जी तिनं कधी खाल्लेली नाही.
ओकटी.
रेंडू.
मूडूला माझा अंगठा घट्ट धरला.
नालुगू मी एकटीच म्हणाले.

घरी झोपते तेव्हा कुरकुरते, लाथा मारते.
इथं मान एकदम कलली,
डोळे अर्धे उघडे, पांढरे,
बाईंनी ते हलकेच पट्टीनं मिटवले.
आता तुम्ही बाहेर थांबा.
तिच्या मुठीतून अंगठा काढायला
जोर लागलाच नाही.
त्याचंच वाईट वाटलं.

बाहेर दोन तास.
शेंगाचटणी, कडक भाकरी पिशवीत तशीच.
कुणी बघत नाहीसं पाहून व्यंकटेशनं
वाटी बाहुलीच्या नाकावर ठेवली. काढली. परत ठेवली.

उठली ती भांडतच उठली.
किंचाळली, सलाइनचा हात झटकला, मला बोचकारलं,
कोण ही बाई, असं.
होतं असं भुलीतून येताना, नर्स म्हणाली.
मी छातीशी धरून मोजत राहिले,
चुकत, कधी पुढं, कधी मागं,
पोलक्यावर रक्ताळलेली लाळ,
टेबलावर डबीत चार दात, तांदळाएवढे.
मग सुजल्या ओठांतून पहिला शब्द आला.
नीळ्ळू म्हणाली की पळ्ळू, नीट कळलं नाही.
चमच्यानं पाणी पाजलं.

चौथ्या रात्री, दोनच्या सुमाराला,
सवयीनं उठून बसली. बाटली मागितली.
मशीन थांबवलं.
पेल्यात पाणी दिलं, पिंपाच्या तळाचं.
प्याली. मग जवळचा चमचा घेऊन
दाढेवरच्या नव्या स्टीलच्या टोपीवर वाजवला.
टिक्.
अम्मा, ऐक.
परत टिक्.
दोन डझन शिवायचे राहिले होते.
ऐकत बसले.